बार्शीची रुई आणि सोलापूरचा माग

सोलापूर जिल्ह्यातील विणकरांच्या इतिहासाचा विचार सामान्यतः सोलापूर शहरापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. त्याला कारणही आहे. माग शहरात होते, कारखानदार शहरात होते, आणि पुढे गिरण्याही तेथेच उभ्या राहिल्या. परंतु विणकराच्या हातात येणाऱ्या सुताचा माग काढू लागले म्हणजे वाट शहराबाहेर जाते आणि बालाघाटाच्या पायथ्याशी बार्शीच्या बाजारात येऊन थांबते. रुईची बाजारपेठ आणि विणकरांचे शहर ही एकाच जिल्ह्यात असूनही, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकीचा माल दुसरीला सरळ मिळेनासा झाला. जिल्ह्यातील विणकराच्या पारतंत्र्याचा उगम शोधावयाचा तर तो या विपरीत स्थितीत शोधला पाहिजे.

बार्शीच्या नावाची व्युत्पत्ती लोक भगवंताच्या देवालयाशी व अंबरीषाच्या द्वादशीव्रताशी जोडतात. द्वादशी म्हणजे बारस, आणि बारशीची ती बार्शी. भाविकतेच्या दृष्टीने ही उपपत्ती गोड आहे. भाषाशास्त्रदृष्ट्या ती सिद्ध मानण्याइतका पुरावा नाही. ‘बार्शी तेथे सरशी’ ही म्हण मात्र व्यापाऱ्यांच्या तोंडची वाटते, आणि तिला आधार होता. हे गाव इंग्रजी मुलुखाच्या व निजामाच्या राज्याच्या सीमेवर होते. पलीकडच्या मराठवाड्यातील कापूस, जवस व करडई घाट उतरून येथे येत, अडत्यांच्या ओट्यांवर त्यांचा भाव ठरे, आणि माल पश्चिमेकडे रवाना होई. सीमेवरच्या गावाला जे लाभ असतात ते सर्व बार्शीला मिळाले.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० साली सोलापुरास पोहोचला. त्याआधी वर्षभर, १८५९ मध्ये, ‘बार्शी रोड’ हे स्थानक उघडले होते. परंतु ते बार्शीपासून सुमारे एकवीस मैल दूर, कुर्डुवाडीजवळ होते. ही एकवीस मैलांची वाट बैलगाड्यांनी तुडवावी लागे. लगेच १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरचा कापूस अडला आणि मुंबईच्या बाजारात हिंदी रुईचे भाव कोणी स्वप्नातही पाहिले नव्हते इतके चढले. या भरभराटीत दख्खनच्या कापूसपेठा नावारूपाला आल्या. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याच्या कल्पनेतून अडीच फुटी रुंदीचा लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आला. पुढे हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कंत्राटदार म्हणून आपल्या आयुष्याचा आरंभ याच रेल्वेच्या बांधकामावर केला. या चिमुकल्या गाडीचे कौतुक अभियांत्रिकीच्या व वारीच्या इतिहासात पुष्कळ झाले आहे, आणि ते यथायोग्यच आहे. विणकराच्या दृष्टीने तिच्याकडे पाहण्याचे मात्र राहून गेले.

आगगाडी येण्यापूर्वी कापूस आणि कापड यांच्यामध्ये एक मोठे पण अदृश्य मनुष्यबळ उभे होते. ते सूत कातणाऱ्या स्त्रियांचे. कुणब्याच्या घरची म्हातारी, विधवा, शेतात काम नसलेल्या महिन्यांत रिकामी झालेली सून, या सर्वजणी रहाटावर सूत कातीत आणि आठवडी बाजारात ते विकीत. साळी किंवा कोष्टी ते सूत बोटांनी चाचपून घेई. चार घरचे चार प्रकारचे सूत. त्यांतून ताण्याला चालेल असे मजबूत सूत निवडणे व कच्चे सूत बाण्याकडे टाकणे हे त्याच्या धंद्याचे पहिले कौशल्य. या सुताला नंबर नव्हता. ते कोणी कातले हे पुष्कळदा विणणाऱ्याला ठाऊक असे.

ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचे कारण नाही. कातणाऱ्या बाईला मिळणारा मोबदला अत्यल्प होता. परंतु तिच्यामुळे विणकराला कच्चा माल हाताच्या अंतरावर मिळत असे आणि तो थोडा थोडा घेता येत असे. लँकेशायरच्या व मागाहून मुंबईच्या गिरण्यांचे सूत आल्यावर हे सूत्र तुटले. गिरणीचे सूत स्वस्त, एकसारखे आणि मजबूत होते. विणकराने ते स्वेच्छेने स्वीकारले, कोणी त्याच्यावर लादले नाही. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरच्या काळापर्यंत हातसूत जाड्याभरड्या कापडापुरते उरले होते. बार्शीची रुई आता गाठींत दाबून मुंबईस जाऊ लागली आणि सूत होऊन, पेढ्यांचे दोन-तीन उंबरठे ओलांडून, त्याच जिल्ह्यात परत येऊ लागली. जाताना तिचा भाव लिव्हरपूलच्या तारेवर ठरे. येताना तिचा भाव सुताचा व्यापारी ठरवी. विणकर या दोहोंपैकी कोठेच नव्हता.

आता सुताला नंबर आला. आठशे चाळीस वारांची एक लडी. एका रत्तलात अशा जितक्या लड्या भरतील तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सुताच्या दहा रत्तली बंडलात २०० लड्या, म्हणजे १ लाख ६८ हजार वार धागा असावयास हवा. प्रत्येक लडी पुरी भरते की नाही हे मोजून पाहण्याचे साधन विणकराजवळ नव्हते. ज्या बोटांना सूत कळत होते त्यांना बंडलावरची चिठ्ठी वाचता येत नव्हती. शिवाय गावच्या बाजारात तो पूर्वी चार दिवसांपुरते सूत घेई. आता बंडल घ्यावे लागे, आणि बंडलाचे पैसे रोख नसत. उधारी ही त्या मालाबरोबरच येणारी गोष्ट होती. कापड तयार झाले म्हणजे ते त्याच व्यापाऱ्याला, त्याच्याच भावाने देण्याचा रिवाज अशा रीतीने पडला.

या ठिकाणी विणकराच्या भाषेकडे वळणे उपयुक्त ठरेल. कारण धंद्याचे थर शब्दांत टिकून राहतात. विणकामाचे मुख्य साधन जो ‘माग’, त्याचा ‘मार्ग’ या अर्थाच्या ‘माग’ शब्दाशी संबंध नाही. कन्नडमध्ये त्याला ‘मग्ग’ म्हणतात, तेलुगूमध्ये ‘मग्गम्’. उत्तरेकडील ‘करघा’ हा फारसी ‘कारगाह’पासून आलेला शब्द मराठीने घेतला नाही, मराठी विणकराचे साधन दाक्षिणात्य नावानेच ओळखले जाते. भाषांच्या सीमेवरील या जिल्ह्यात त्यात नवल नाही. क्रियावाचक शब्द मात्र बहुधा संस्कृत-प्राकृत परंपरेतले आहेत. ‘ताणा’ हा ‘तन्’ धातूच्या कुळातला. ‘तंत्र’ या शब्दाचा मूळ अर्थही मागावर ताणलेले उभे धागे असाच आहे, हे आज तो शब्द वापरणाऱ्या थोड्यांनाच आठवत असेल. ‘बाणा’ या शब्दाविषयी थोडा संशय घेण्यास जागा आहे. मराठीत शब्दारंभीचा ‘व’ सामान्यतः टिकतो, तेव्हा ‘वान’पासून ‘बाणा’ हे रूप उत्तरेकडील बोलींच्या वाटेने आले असावे. धोटा, फणी, कांडी, पावडी, खळ, कुंचा हे शब्द घरगुती आहेत. देण्याघेण्याकडे वळले की कारखाना, दलाल, तागा, बाकी, हिशेब ही अरबी-फारसी शब्दांची रांग लागते. आणि अखेरीस नंबर, बंडल, डॉबी, जेकॉर्ड. साधन दक्षिणेचे, क्रिया घरची, हिशेब बाजाराचा आणि सूत गिरणीचे. ही वाटणी फार ताणू नये, कारण ‘उचल’ हा कर्जाच्या संदर्भातील सर्वांत जड शब्द शुद्ध मराठीच आहे.

जातिनामांतही असाच एक धागा सापडतो. संस्कृतमध्ये ‘तन्तुवाय’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, विणकर आणि कोळी हा कीटक. अमरकोशात कोळ्याच्या नामांत त्याचा निर्देश आहे. तेलुगूमध्ये ‘साले’ म्हणजे विणकर आणि ‘सालेपुरुगु’ म्हणजे कोळी. सोलापुरास तेलंगणातून आलेला मोठा विणकर समाज पद्मशाली या नावाने प्रसिद्ध आहे. मार्कंडेय हे त्यांचे दैवत. मराठी बोलणारे स्वकुळ साळी जिव्हेश्वराला भजतात आणि देवांग कोष्टी चौंडेश्वरीला. खत्री व मोमीन विणकर वेगळेच. भाषा, दैवते व विवाहसंबंध यांनी विभागलेले हे समाज एकाच सुताच्या पेढीवर ऋणको म्हणून एकत्र येत; अन्यत्र एकत्र येण्याचे प्रसंग थोडे होते.

गावगाड्यातील विणकराचे स्थान येथे लक्षात घ्यावयास हवे. बारा बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार आहेत, विणकर नाही. अलुतेदारांच्या काही याद्यांत साळी व सनगर येतात, पण अलुत्यांचा हक्क दुबळा आणि अनिश्चित. खळ्यावर धान्याची रास पडली की सुताराला त्याचा वाटा ठरलेला होता. विणकराला कापड विकूनच धान्य घ्यावे लागे. सुकाळात हा भेद जाणवत नसे. किंबहुना बाजारावर जगणारा विणकर बलुतेदारापेक्षा थोडा स्वतंत्रच वाटे. दुष्काळात या स्वातंत्र्याचा अर्थ कळे. पाऊस गेला की कुणबी प्रथम काय सोडतो? नवे लुगडे, नवे धोतर. म्हणजे धान्य महाग होण्याच्या आधीच विणकराचे गिऱ्हाईक नाहीसे होई, आणि मग धान्य महाग होई. त्याच्या घरी उपास येई तेव्हा बाजारात धान्य असू शके. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची जी मीमांसा मांडली तिच्यात विनिमयाच्या हक्काचा जो विचार आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण दख्खनमध्ये क्वचितच मिळेल. त्यातही एक क्रूर योगायोग असा की, ताण्याला लावावयाची खळ धान्याच्याच पिठाची. पांजणी करणाऱ्या कुटुंबाला भाकरीचे पीठ आणि सुताचे पीठ यांत निवड करावी लागे.

१८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी साह्याचे मुख्य स्वरूप म्हणजे खडी फोडणे आणि माती वाहणे. रिचर्ड टेंपल यांनी साह्यकामावरील मजुरी कमी केली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिच्याविरुद्ध सरकारकडे सतत लेखी तक्रारी केल्या. खडीच्या कामावर विणकर अगदी शेवटी जाई, आणि त्याला अनेकांनी अहंकार मानले. वस्तुस्थिती निराळी होती. खडी फोडलेल्या हाताला पडणारे घट्टे आणि चिरा सुतात अडकतात. बारीक काम करणारा विणकर खडीवर गेला तर सुकाळ आल्यावर त्याला आपला धंदा पूर्ववत् करता येईलच असे नव्हते. तो जे जपत होता ते प्रतिष्ठेपेक्षा अधिक ठोस होते, ते त्याचे भांडवल होते. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापुरात विणकरांना त्यांच्याच धंद्यातून साह्य देण्याचा प्रयत्न झाला. सूत द्यावयाचे, मजुरी द्यावयाची आणि कापड साठवून ठेवावयाचे अशी ती योजना होती. दुष्काळनिवारणाच्या धोरणात हे पाऊल महत्त्वाचे होय. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे सूत नाही, जो दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणतो आणि ज्याचे कापड दुसऱ्याच्या गुदामात जाते, असा विणकर दुष्काळापुरता सरकारने निर्माण केला, आणि सुकाळात तोच नमुना कारखानदाराने कायम ठेवला.

सोलापूरच्या ‘कारखान्या’चे स्वरूप गिरणीहून भिन्न होते. एका वाड्यात किंवा छपरात दहा, वीस, कधी अधिक हातमाग. मालक बहुधा विणकर जातीचाच. मजूर पुष्कळदा तेथेच राहणारे. नव्याने तेलंगणातून आलेल्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर, मागावर जागा आणि लग्नासाठी उचल, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत. ही उचल क्वचितच फिटे. ‘बाकी’ फिटेपर्यंत माणूस दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत नसे. गेला तर नवा मालक जुन्याची बाकी भरून त्याला नेई. म्हणजे माणूस बदले, ऋण तेच राही. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ना. म. जोशी यांच्या दख्खनमधील नागरी हस्तव्यवसायांवरील ग्रंथात आणि १९४७ मधील र. गो. काकडे यांच्या सोलापूरच्या विणकर समाजांच्या पाहणीत या जीवनाचे जे तपशील आहेत, ते आज वाचतानाही मन अस्वस्थ करतात.

यंत्रसुधारणा विणकराने नाकारली हा समज येथे तपासून पाहण्यासारखा आहे. जॉन के याने १७३३ मध्ये इंग्लंडात शोधलेला धावता धोटा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सोलापुरात वेगाने पसरला. याच सुमारास अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी हातमागात सुधारणा करण्याचे प्रयोग चालविले होते. हाताने धोटा फेकण्याऐवजी दोरीच्या झटक्याने तो धावू लागला आणि एका मागावरचे कापड कितीतरी वाढले. कृत्रिम रंग आले, काठपदरासाठी कृत्रिम रेशीम आले, नऊवारी लुगड्याची जागा हळूहळू पाचवारी पातळाने घेतली. हे सर्व बदल विणकराने पचविले. पण धोटा वेगाने धावू लागला तसे त्याला सूतही अधिक लागू लागले, म्हणजे उधारी वाढली. शिवाय कांड्या भरण्याचे काम वाढले, आणि ते काम मागावर बसणारा करीत नव्हता.

कांड्या भरणे, लड्या उकलणे, ताणा लावणे, पांजणीला कुंचा धरणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करीत. एका मागाला बाहेरून दोन-तीन माणसांचे हात लागत. पांजणी तर सगळ्या कुटुंबाचे काम. पहाटे गल्लीत लांबच लांब ताणा काठ्यांवर पसरावयाचा, ऊन चढण्यापूर्वी खळ लावून कुंच्याने सूत मोकळे करावयाचे, आणि मध्येच पावसाची सर आली तर सर्व मेहनत पाण्यात. पावसाळ्यात यामुळे काम कित्येक दिवस बंद पडे. मजुरी मात्र तयार ताग्यावर, म्हणजे मागावरच्या एका पुरुषाच्या नावाने मिळे. सरकारी मोजणीत मागही एक आणि विणकरही एक. मराठीत ‘साळीण’ व ‘कोष्टीण’ हे शब्द आहेत, पण त्यांचा रूढ अर्थ साळ्याची व कोष्ट्याची बायको असा आहे. तिच्या कामाचा बोध त्यांत होत नाही. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशातील सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आढळले. प्रदेशाप्रदेशांत भेद आहेत हे खरे; तथापि ही संख्या पाहून जुन्या गणनांत कोण गळले असेल याचा अंदाज करता येतो.

हातमागाचा ऱ्हास झाला की नाही, यावर इतिहासकारांत दीर्घ वाद झाला आहे. रमेशचंद्र दत्तांपासून चालत आलेले ऱ्हासाचे प्रतिपादन, १९६३ मध्ये मॉरिस डी. मॉरिस यांनी त्यावर घेतलेला आक्षेप, अमियकुमार बागची यांचे उत्तर, आणि अलीकडे तीर्थंकर रॉय व डग्लस हेन्स यांनी पश्चिम व दक्षिण भारतातील विणकर केंद्रांच्या आधारे दाखविलेले हातमागाचे चिवटपण, हा सर्व वाद परिचित आहे. सोलापूरचे उदाहरण रॉय व हेन्स यांच्या बाजूचे आहे, हे मान्य केले पाहिजे. १८७७ मध्ये शहरात पहिली गिरणी निघाल्यावर हातमाग नाहीसे झाले नाहीत. पुढची कित्येक दशके ते तिच्या शेजारीच टिकून राहिले आणि वाढले. परंतु मागांची संख्या हे विणकराच्या स्थितीचे माप नव्हे. माग वाढले तेव्हा स्वतःच्या सुतावर विणणारे घटले. धंदा जगला याचा आनंद मानताना तो कोणाच्या मालकीने जगला हा प्रश्न बाजूला ठेवला तर अभ्यास अपुरा राहतो, आणि दत्तांच्या पिढीचा संतापही मग केवळ भावनिक वाटू लागतो. तो तसा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात या परावलंबनाची कसोटी लागली. १९४३ पासून सूत व कापड यांवर नियंत्रण आले. सुताचे वाटप परवान्यावर होऊ लागले. परवाना ज्याच्या नावाचा त्याचा माग चाले. सूत काळ्या बाजारात महाग आणि उघड बाजारात दुर्मीळ, अशा वेळी सुटा विणकर कारखानदाराकडे किंवा सहकारी सोसायटीकडे वळला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले, १९५३ मध्ये गिरणीच्या कापडावर जादा उपकर बसवून हातमागासाठी निधी उभा करण्यात आला, आणि सोसायट्यांना सूत व भांडवल देण्याची योजना आली. जेथे सोसायटीचे चालक स्वतः विणकर होते तेथे तिचा लाभ झाला. जेथे जुन्या कारखानदारानेच आपल्या मजुरांच्या सह्या घेऊन सोसायटी काढली तेथे फक्त पाटी बदलली. १९८५ मध्ये काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा संमत झाला. तोवर सोलापुरात यंत्रमागाने घर केले होते.

बार्शीलाही मधल्या काळात आपल्या रुईचे कापड करण्याची संधी मिळाली. तेथे जयशंकर व लोकमान्य या गिरण्या निघाल्या आणि कापसाच्या पेठेला गिरणीचा भोंगा ऐकू येऊ लागला. यांपैकी जयशंकर पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. परंतु गिरणीमुळे मुंबईचा फेरा चुकला तरी सुताच्या पेढीचा उंबरठा चुकला नाही. बार्शी, वैरागसारख्या बाजारपेठांतील साळी-कोष्ट्यांची पुढची पिढी गिरणीत, दुकानात व नोकरीत पांगली. आडनावे राहिली, माग राहिले नाहीत. शहरात जे घडले ते याच्या उलट दिसते, पण तितके उलट नाही. सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. ज्या चादरीला हा मान मिळाला ती जेकॉर्ड बसविलेल्या यंत्रमागावर विणली जाते, आणि तो चालविणारे हात पुष्कळदा त्याच पद्मशाली कुटुंबांतले आहेत.

‘हातमाग’ हा शब्दही या स्थित्यंतराचीच खूण आहे. पूर्वी माग म्हणजे मागच. त्याला ‘हात’ हे उपपद लावण्याची गरज दुसरा माग आल्यावर पडली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली आणि २००८ मध्ये बार्शीवरून रुंद रुळांची गाडी धावू लागली. बार्शी रोड हे नाव त्याच्या कितीतरी आधी मागे पडले होते. त्या स्थानकाला लोक कुर्डुवाडी म्हणूनच ओळखतात. सोलापूरच्या पूर्व भागातील गल्ल्यांत आज ‘माग’ म्हटले की यंत्राचा खडखडाटच अभिप्रेत असतो. जुन्या वस्तूचा निर्देश करावयाचा झाला तर ‘खड्ड्याचा माग’ असे म्हणावे लागते, कारण विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसत असे.